अक्कांचं दुपारचं ऊन

मार्गशीर्ष लागला की आमच्या मुरुम गावात ऊन गोड होतं, असं सगळे म्हणतात, आणि म्हणताना सगळ्यांची तोंडं पूर्वेला असतात. सकाळी सात-साडेसातला जो तो ओट्यावर, पायरीवर, दुकानाच्या फळीवर येऊन बसतो. कानटोपी, मफलर, स्वेटर, वरून शाल. नाकाचा शेंडा आणि चहाचा कप धरलेली बोटं तेवढी उघडी. एखादा जाणता सांगतो, "कोवळं ऊन हाय, घ्या. डी जीवनसत्त्व मिळतंय." बाकीचे माना डोलावतात. मी शाळेला निघालेली असते आणि मला रोज तिथं थांबून भांडावंसं वाटतं. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. भांडायची खोड वर्गातच लागली. घरी ती चालत नाही आणि रस्त्यावर शोभत नाही, म्हणून मी डबा सावरत पुढं जाते.

मधल्या सुट्टीत मात्र मी मैदानात उभी राहून स्वतःची सावली बघते. या दिवसांत ती माझ्यापेक्षा जराशीच बुटकी असते, आणि तीही बाराच्या आगेमागे थोडा वेळ. नंतर पुन्हा लांब व्हायला लागते. सावली आपल्यापेक्षा बुटकी असेल तेवढ्या वेळात खरं कामाचं ऊन असतं, एवढं साधं गणित. पोरींना आता सवय झाली आहे. नवीन आलेली एखादी विचारते, बाईंचं काय हरवलंय, तेव्हा जुन्या तिला ओढून नेतात.

मला ही सवय अक्कांच्या त्या वर्षानं लावली. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती आणि त्यांना मोबाईलवर फोटो काढता येत नव्हता. एकमेकींना एवढं शिकवून झाल्यावर आमचं जमलं. त्या रान बघायच्या, मी शाळा. त्यांचा आवाज बांधावरून रस्त्यापर्यंत ऐकू यायचा आणि हसल्या की मागच्या गल्लीतलं कुत्रं उठून बसायचं.

आमच्याकडं रानात जाणारी बाई साडीवर पुरुषाचा लांब बाह्यांचा शर्ट घालते. अक्कांकडं दादांचे, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचे, तीन जुने शर्ट त्यासाठी ठेवलेले असायचे. ज्वारीच्या पानाला धार असते, तुरीची खाज सुटते, फवारणीचा वास अंगाला चिकटतो. शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावून बंद. डोक्याला टॉवेल, त्याचंच टोक नाकावरून फिरवून मागं खोचलेलं. हातात बोटांकडून कापलेले जुने मोजे. पायात बूट. अशा दहा बाया ओळीनं खुरपायला बसल्या की नवरा आला तरी त्याला आपली बायको ओळखू येत नसे. हाक मारावी लागे आणि मग चार जणी वळून बघत. त्या शर्टांना एक वास असायचा, घामाचा, हिरव्या शेंगांचा आणि पेटीत ठेवलेल्या डांबरगोळीचा. अजूनही कुठं तो वास आला की मला अक्का दिसतात.

मुगाच्या शेंगा तोडायचे दिवस होते. रविवार, म्हणून मीही रानात गेले होते. अक्का बसून तोडत होत्या. ओळ संपली, उठायला गेल्या आणि उठता आलं नाही. शेजारच्या तुरीच्या झाडाला धरून जोर लावला तर झाड मुळासकट हातात आलं. दादा हसले, "आगं, मूग तोडायला आलीस का तूर उपटायला?" अक्काही हसल्या. पुन्हा जोर लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा टॉवेलाच्या वर नुसते डोळे दिसत होते, आणि ते हसत नव्हते. मी काखेत हात घालून उठवलं. उठताना त्यांनी माझ्या कानाशी हळूच सांगितलं, "कुणाला सांगू नगं."

मग मागचं एकेक लक्षात येत गेलं. गेलं वर्षभर त्या भाकरी ओट्याशी उभ्यानं थापत होत्या. आम्हाला वाटलं, नवीन घराची हौस. देवळात भजनाला जायच्या, ते बंद झालं होतं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्यांनी खुर्ची मागितली, तर कुणीतरी म्हणालं, "नवं घर बांधल्यापासनं अक्का खाली बसत न्हायत." त्यांनी ते हसून घेतलं आणि त्यानंतर एकाही हळदीकुंकवाला गेल्या नाहीत. आपलं सगळं जगणं जमिनीवर चालतं हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं. जेवण, निवडणं, टिपणं, पूजा, गप्पा, मयताला जाऊन बसणं, बारशाला पाळण्याखाली बसणं. ज्या बाईला बसलं तर उठता येत नाही, ती हळूहळू सगळीकडून उठूनच जाते. अक्का पन्नाशीच्या आतल्या होत्या. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं, आणि रागही आला की त्यांनी मलासुद्धा सांगितलं नाही.

सोलापूरला हाडांच्या डॉक्टरांकडं नेलं. मांड्यांत ताकद नाही, हाडं ठणकतात, रक्त तपासलं तर डी जीवनसत्त्व तळाला गेलेलं. डॉक्टरांनी विचारलं, "उन्हात जाता की नाही?" अक्कांना इतकं हसू आलं की बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांनी आत डोकावून बघितलं. "डॉक्टर, आमचा जलमच उन्हात गेला की." डॉक्टर शांत माणूस. त्यांनी पुढं विचारलं, "रानात अंगावर काय काय घालता?" अक्कांनी शर्ट, टॉवेल, मोजे, बूट सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे ऊन सगळं शर्टाला मिळालं." परतीच्या गाडीत अक्का एकदम म्हणाल्या, "डॉक्टरास्नी म्हणावं, आमच्या ह्यांच्या शर्टाची हाडं लई मजबूत हायत."

डॉक्टरांनी दुधातून घ्यायच्या पुड्या दिल्या आणि हातापायांवर रोज थोडा वेळ ऊन घ्यायला सांगितलं. कुठल्या वेळचं, ते सांगायचं राहिलं की आम्ही ऐकलं नाही, देव जाणे. आम्हाला विचारायची गरजच वाटली नाही, कारण ते सगळ्या मुरुमला ठाऊक होतं. कोवळं ऊन. दादांनी पुढच्या बाजूला काचेची गॅलरी हौसेनं करून घेतली होती. तिथं त्यांनी खुर्ची टाकली, गादी घातली, वारं लागू नये म्हणून काचा सरकवून बंद केल्या. सकाळी सातला अक्का शाल पांघरून, पायमोजे घालून आत बसायच्या, आणि दादा बाहेरून काच पुसायचे, ऊन नीट जावं म्हणून. इतक्या मायेनं केलेली चूक मी दुसरी बघितलेली नाही.

एक दिवस वर्गात मी फळ्यावर अतिनील किरणांचं लिहीत होते. काच त्यातले कुठले अडवते हे लिहिलं आणि खडू हातात तसाच राहिला. संध्याकाळी घरी जाऊन सांगितलं, तर दादांना पटेना. "काचंतून ऊन येतंय की. हात लावून बघ, चटका बसतोय." मी म्हटलं, उजेड येतो, ऊबही येते, पण कातडीत डी जीवनसत्त्व घडवणारे जे किरण, ते काच आत सोडत नाही. आणि सकाळी तर ते काचेपर्यंतही नीट पोचत नाहीत. सूर्य तिरका असतो, किरणांना हवेतून लांबचा रस्ता तुडवावा लागतो, आणि वरच्या ओझोनच्या थरात वाटेतच ते संपून जातात. सूर्य डोक्यावर आला की रस्ता आखूड होतो. दादा उठून काचेजवळ गेले, बोटानं टकटक वाजवून बघितलं आणि दुसरा अख्खा दिवस काचेशी बोलले नाहीत, असं अक्का सगळ्यांना सांगत फिरल्या.

रात्रीच्या स्वयंपाकाला लागलो तेव्हा अक्कांनी विचारलं, "पर ऊन अंगात जाऊन करतंय तरी काय?" मला असा प्रश्न कुणी विचारला की मी सुटते. सांगितलं, आपल्या कातडीत कोलेस्टेरॉलचा एक जवळचा नातेवाईक राहतो. त्याचं नाव लांबलचक आहे, ते मी वर्गातही एकदाच घेते. हा रेणू म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या कड्या. दुपारच्या उन्हातला अतिनील किरण येतो आणि त्यातली एक कडी एका जागी उघडतो. पापणी लवायच्या आत. उन्हाचं काम तिथं संपलं. पुढचं काम अंगाच्या उबेचं. उघडलेला रेणू त्या उबेत सावकाश वळतो, दुसऱ्या आकारात स्थिर होतो, आणि त्याचं डी जीवनसत्त्व बनतं. त्याला काही तास लागतात. माणूस तोवर सावलीत जाऊन झोपला तरी चालतं. मग ते रक्तातून यकृतात जातं, तिथून मूत्रपिंडात, दोन्हीकडं थोडं थोडं घडतं आणि जेवणातलं कॅल्शियम आतड्यातून ओढून घ्यायच्या कामाला लागतं. नुसतं दूध पिऊन, नाचणी खाऊन भागत नाही ते यामुळं.

अक्का पीठ मळता मळता थांबल्या. म्हणाल्या, "म्हंजी अंबिलीसारखंच हाय. ताकात पीठ कालवायला कितीसा येळ लागतोय? पर चुलीच्या कडंला रातभर ठेवल्याबिगर आंबत न्हाय. ऊन कालवतंय आन अंग आंबवतंय." मी इतकी वर्षं शिकवते, पण यापेक्षा सोपं मला कधी सांगता आलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी ते वर्गात आपलं म्हणून वापरलं, आणि अजून वापरते.

त्यांचे प्रश्न संपत नव्हते. "लई येळ बसलं तर लई हुतंय का?" मी म्हटलं, नाही. जास्त ऊन मिळालं की तोच उघडलेला रेणू भलत्या, निरुपयोगी आकारात वळतो. अंग आपलं आपण आवरतं. कातडी मात्र भाजते, म्हणून बेताचंच बसायचं. "शानं हाय की अंग," अक्का म्हणाल्या. मग मी सांगितलं की आपल्यासारख्या सावळ्या कातडीतलं रंगद्रव्य हे किरण आधी स्वतःच पिऊन टाकतं, म्हणून गोऱ्या माणसापेक्षा आपल्याला जास्त वेळ लागतो. हे ऐकून मात्र त्या भडकल्या. "म्हंजी काळ्यानं जास्त बसायचं आन आजून काळं व्हायचं. ह्यो कुठला न्याव?"

दसऱ्याच्या सुमाराला अक्का दुपारच्या गच्चीवर गेल्या. गच्चीला कमरेएवढा कठडा आहे, त्याच्या आत कुणाला काही दिसत नाही. बाह्या दंडापर्यंत, साडी गुडघ्यापर्यंत, डोकं तेवढं पदराखाली. रिकामं बसणं त्यांना ठाऊक नव्हतं. शेजारी मिरच्या वाळत घातलेल्या, सुपात तूर निवडायला घेतलेली. कुणी खालून हाक मारली की वरून ओरडायच्या, "म्या वाळाया बसलेय, नंतर ये." रविवारी मीही वर जायची. तापलेल्या फरशीचा वास, मिरच्यांचा खाट, लांबून येणारा मळणीयंत्राचा आवाज, आणि उन्हात पसरलेले आमचे दोघींचे पाय. अक्कांच्या पोटऱ्या मी पहिल्यांदा बघितल्या. चेहऱ्यापेक्षा कितीतरी उजळ होत्या, झाकून ठेवलेल्या भांड्यासारख्या. त्यांनाही ते नवीनच होतं. "हे पाय कुणाचे गं?" म्हणाल्या आणि बराच वेळ त्यावरून हात फिरवत राहिल्या.

शेजारच्या काशीबाईंनी त्यांच्या गच्चीवरून एकदा वाकून बघितलं. "आवं अक्का, ह्या वयात काळं पडायला बसलाव व्हय?" अक्कांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं, कडी उघडण्यापासून अंबील आंबण्यापर्यंत, काही माझं आणि बरंचसं स्वतःचं. आठवड्याभरात काशीबाई आमच्या गच्चीवर. त्यांचे गुडघे. मग समोरच्या घरातली सून, तिची कंबर. शेंगा फोडणं, लसूण सोलणं, कुणाच्या लग्नाचं, कुणाच्या मोडलेल्या लग्नाचं. पुरुषांपैकी कुणी जिन्याची पहिली पायरी चढला तरी वरून एकसुरात हाकारा व्हायचा. खाली बसत नाहीत म्हणून ज्यांच्याबद्दल बोललं गेलं होतं, त्यांच्याभोवती दुपारी पाच-सहा जणी फरशीवर बसलेल्या असायच्या. उठायच्या वेळी मात्र अक्का सगळ्यात शेवटी थांबायच्या. सगळ्या गेल्या की कठड्याला दोन्ही हातांनी धरून, दात खाऊन, उठायच्या. मी जिन्यात उभी राहायची आणि बघितलं नाही असं दाखवायची.

दिवाळी झाली. थंडी पडली. दोन हातांची गरज एका हातावर आली, पण कठडा सुटेना. आणि येळवस जवळ यायला लागली.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. धाराशिव-लातूरकडं त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सगळी रानात. ज्वारी डोक्याएवढी झालेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे लहानशी झोपडी, उभी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची आणि सगळ्यांनी भुईवर बसून चिंच घालून शिजवलेली पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर आणि अंबील खायची. अंबिलीचा घडा डोक्यावरून नेण्याचा मान घरातल्या थोरल्या सुनेचा. अक्कांनी लग्न होऊन आल्या वर्षापासून तो कुणाला दिला नव्हता.

"औंदा म्या येत न्हाय. घरी कुणी तरी पायजे," त्या एक दिवस भाजी चिरताना म्हणाल्या. येळवशीला घरी कशाला कुणी पाहिजे? दादांना कळलं. ते म्हणाले, "पिकअपमधी खुर्ची टाकू की. तू आपली खुर्चीवर बस." अक्कांनी सुरी बाजूला सारली. "समदी भुईला आन पांडवाम्होरं म्या एकटी खुर्चीवर? त्यापरीस घरी बरी." दादा बाहेर जाऊन उभे राहिले. मी अक्कांना म्हटलं, तुम्ही बसा, उठवायला मी आहे. त्या म्हणाल्या, "तू उठवशील गं. पर समदी बघतील. रानात कठडा कुठं असतोय?"

मला भीती वाटत होती, ती याचीच. हाडामांसाचं काम सावकाश चालतं हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण अमावस्या काही सावकाश येत नाही. यंदा त्या घरी राहिल्या तर पुढच्या वर्षीही राहतील, आणि मग ते घरात ठरूनच जाईल, असं मला वाटत होतं.

शेवटी त्यांना अंबिलीनंच बाहेर काढलं. आदल्या संध्याकाळी मी ती कालवली आणि सकाळी अक्कांनी चव बघितली. तोंड वाकडं करून त्यात मीठ घातलं, लसूण ठेचून घातला, आणि म्हणाल्या, "असली अंबील घिऊन तुला एकटीला पाठवली तर लोकं घराला नावं ठिवतील." घडा उचलला. कोपीपर्यंत दादा मागून चालत होते, हात थोडे पुढं धरून, जसा कुणी नुकत्या चालायला लागलेल्या पोरामागं चालतो तसे. अक्कांनी एकदाही मागं बघितलं नाही.

पूजा झाली. पंगत बसली. अक्का हातानं भुई चाचपत, एक गुडघा, मग दुसरा, असं करत बसल्या. बसल्या खऱ्या. बाजूला काशीबाई, पलीकडं मी. दादांनी मला डोळ्यानं खुणावलं, डावीकडून तू, उजवीकडून मी, आणि सगळ्यांची पाठ फिरली की पटकन. आमचा बेत असा पक्का होता. भज्जीचा चिंचेचा वास सुटला होता. ज्वारीतून वारं जात होतं. अक्का दोनदा वाढून घेऊन जेवल्या आणि उठायचा विषय त्यांच्या तोंडावर कुठं दिसत नव्हता, पण हात मधूनमधून मांडी दाबत होता.

जेवणं झाल्यावर पुरुष रानाला फेरी घालून अंबील शिंपडायला गेले. दादाही गेले. तेवढ्यात पांदीच्या वाटेनं एक अनोळखी माणूस पंक्चर झालेली मोटरसायकल ढकलत चाललेला दिसला, घामानं निथळत. येळवशीला रानावरून कुणी उपाशी जायचं नसतं. काशीबाईंचे हात खरकटे, मी भज्जीचं पातेलं धुवायला घेतलेलं. अक्कांनी हाक मारली, "आवं पावनं, थांबा की." तो थांबला. मी घाईनं हात धुतले, तोवर मागं घड्यात तांब्या बुडाल्याचा आवाज आला. वळून बघते तर अक्का बांधाशी उभ्या, तांब्यातून पेल्यात अंबील ओतताहेत. त्या माणसानं एका दमात पेला रिकामा केला आणि पुढं धरला. "आई, आजून जरा." अक्कांनी अजून ओतली. उंडा दिला, हातावर भज्जी घातली, पंक्चरचं दुकान कुठं उघडं असेल ते सांगितलं. तो गेला.

मी म्हटलं, "अक्का."

"काय गं?"

"तुम्ही उभ्या हाव."

त्यांनी खाली पायांकडं बघितलं. मग जिथं बसल्या होत्या त्या जागेकडं बघितलं. तिथं धरायला काही नव्हतं, नुसती दबलेली ढेकळं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अक्कांच्या नाही आलं. त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला, त्या जागेवर परत गेल्या, बसल्या आणि उठल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. काशीबाई हसायला लागल्या, मग सगळ्याच. दादा शिंपडणं अर्धं टाकून ज्वारीतून पळत आले, त्यांना वाटलं कुणाला काही चावलं. त्यांच्यापुढं अक्कांनी आणखी एकदा करून दाखवलं आणि मग फतकल मारून बसल्या.

उन्हं कलली. भांडी भरली, पोरं गाडीत चढली, कोपीतला दिवा बघून झाला. सगळ्यांनी हाका मारल्या तरी अक्का भुईवरून हलेनात. शेवटी दादा म्हणाले, "आगं, ऊठ की आता. चल घरला."

अक्का हरभऱ्याचा घाटा सोलत म्हणाल्या, "उठणं आता माझ्या हातात हाय. मग घाई कशाला?"